३४ व्या आठवड्यात बाळ पायाळू: डोके खाली यावे म्हणून काय करावे, काय टाळावे (नाशिक)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नणंद पहिलटकरीण आहे, बाळंतपणासाठी माहेरी नाशिकला (इंदिरानगर) आली आहे. ३४ आठवडे पूर्ण झाले. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ब्रीच (पायाळू), एक्स्टेंडेड लेग्ज' असे लिहिले आहे. वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला, पाणी (एएफआय) १३, बाळाचे वजन अंदाजे २.२ किलो, बीपी आणि शुगर ठीक. डॉक्टर म्हणाल्या, अजून वेळ आहे, ३६ व्या आठवड्यात पाहू. घरात मात्र पोट चोळून देणारी बाई, एरंडेल, पाय वर करून झोपणे, असे सगळे उपाय सुचवून झाले आहेत. माहीतगारांनी कृपया सांगावे: घरी करण्यासारखे नेमके काय आहे? डॉक्टर बाहेरून हाताने बाळ फिरवतात म्हणे, ते कसे? आणि नाहीच फिरले तर पुढे काय?

सोमेश्वर (स्त्रीरोगतज्ज्ञ)
आधी धीर देणारी गोष्ट. २८ व्या आठवड्याला साधारण चार-पाचांतले एक बाळ पायाळू असते. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारवर येते, म्हणजे बहुतेक बाळे आपणहून फिरतात. ३४ व्या आठवड्यात अजून जागा आहे आणि पाणीही पुरेसे आहे. ३६ नंतर मात्र पहिलटकरणीत आपणहून फिरणाऱ्यांचे प्रमाण बरेच घटते, शंभरात आठ-दहाच्या आसपास. त्यामुळे 'पाहू' म्हणजे नुसते थांबणे नव्हे. पुढची तपासणी आजच ठरवून घ्या.

एक्स्टेंडेड लेग्ज म्हणजे बाळाचा कुल्ला खाली, दोन्ही पाय गुडघ्यात सरळ आणि पावले चेहऱ्याजवळ. पायाळू बाळांत हाच प्रकार सर्वात जास्त दिसतो. सरळ राहिलेले पाय पाठीला खपचीसारखे धरून ठेवतात. त्यामुळे बाळाला लाथ मारून कोलांटी घेणे जड जाते आणि हा प्रकार आपणहून कमी फिरतो. मांडी घातल्यासारखे बसलेले बाळ तुलनेने सहज फिरते.

कोणताही उपाय करण्यापूर्वी बाळ असे का बसले आहे ते विचारा. वार खाली असेल, खालच्या बाजूला मोठी गाठ (फायब्रॉइड) असेल, गर्भपिशवीत पडदा असेल किंवा ती दोन शिंगांची असेल, पाणी फार कमी वा फार जास्त असेल, तर बाळाला डोके खाली आणायला अडचण होते. तिथे आसने करून काही हाती लागत नाही. वार खाली असेल तर आसने आणि हाताने फिरवणे दोन्ही वर्ज्य. तुमच्या रिपोर्टवरून असे काही दिसत नाही, पण पिशवीच्या आकाराबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बऱ्याच रिपोर्टांत त्याची ओळ नसते.

द्राक्षवेल (फिजिओथेरपिस्ट, गर्भवतींचे वर्ग)
घरच्या आसनांबद्दल लिहिते. खरे सांगायचे तर आसनांनी बाळ फिरतेच असा भक्कम पुरावा नाही. या विषयावरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तरी नीट केली तर नुकसान नाही, आणि बाळाचा कुल्ला ओटीपोटाच्या हाडांतून थोडा वर सरकायला मदत होते, म्हणून शिकवते. त्यांच्या भरवशावर पुढची तपासणी पुढे ढकलणे मात्र साफ चूक.

गुडघा-छाती आसन: जमिनीवर सतरंजी, गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी. लघवी करून या, पोट रिकामे हवे, म्हणजे जेवणानंतर निदान दोन तास. आधी हात-गुडघ्यांवर या. दोन गुडघ्यांत नितंबांच्या रुंदीएवढे अंतर ठेवा. मग कोपरे टेकवून छाती हळूहळू जमिनीकडे न्या आणि डोके एका बाजूला वळवून उशीवर ठेवा. मांड्या जमिनीला काटकोनात उभ्या राहिल्या पाहिजेत. बहुतेकींचे इथेच चुकते: नितंब टाचांकडे मागे जातात, पोट मांड्यांवर दाबले जाते आणि बाळाला जागाच उरत नाही. बाजूने पाहणारे कोणी असेल तर लगेच लक्षात येते. पोट मोकळे लोंबले पाहिजे. १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, बाळ हालचाल करत असेल तेव्हा. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे करून पाहा.

उठताना घाई नको. आधी हात-गुडघ्यांवर, मग टाचांवर बसून मिनिटभर थांबा, मग कोणाचा तरी हात धरून उभ्या राहा. एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. या अवस्थेत पडणे हा आसनाच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

पाठीवर झोपून कुल्ल्याखाली उशा घेणे हा दुसरा प्रकार. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपले की पिशवीचा भार मोठ्या शिरेवर येतो, रक्त हृदयाकडे कमी परतते, घाम फुटतो, मळमळते. म्हणून मी हा प्रकार सहसा सुचवत नाही. कोणी केलाच तर पाच-सात मिनिटे, आणि जरा गरगरले की लगेच डाव्या कुशीवर.

सोफ्यावर गुडघे आणि खाली जमिनीवर कोपरे, असे डोके खाली घेण्याचे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. शेजारी खांदा धरायला माणूस असेल तर आणि अर्ध्या मिनिटापुरतेच. बीपी वाढलेले, काचबिंदू, जोराची आम्लपित्ताची तक्रार, रक्तस्राव किंवा वार खाली असेल तर डोके खाली घालणारे कोणतेच आसन नको.

गोदाकाठ
फार उपयोगी. सासूबाई म्हणतात, रोज बसून फरशी पुसली की बाळ आपोआप फिरते. आणि कूस बदलताना उठून बसूनच बदलायची, नाहीतर नाळ गळ्यात अडकते. हे पाळू द्यावे का?

द्राक्षवेल
हात-गुडघ्यांवर फरशी पुसल्याने पायाळू बाळ डोक्यावर येत नाही. पाठीला बरे वाटत असेल तर खुशाल पुसावी, ओल्या फरशीवर घसरणार नाही एवढे पाहावे. कूस बदलण्याचा नाळेशी संबंध नाही. नाळेचा वेढा बाळाच्या स्वतःच्या फिरण्याने पडतो. प्रत्येक वेळी उठून बसल्याने झोपमोड तेवढी होते. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपू द्या.

पांडवलेणी (प्रसूतिकक्षातली परिचारिका)
पोट चोळणाऱ्या बाईबद्दल कळकळीने सांगते: नको, नको, नको. तेल लावून हाताने बाळ 'बसवणारी' बाई वार कुठे आहे ते पाहू शकत नाही, बाळाचे ठोके ऐकू शकत नाही, आणि पिशवी आवळलेली असताना जोर लावते. त्याने वार सुटू शकते. वार सुटली की रक्त बाहेर दिसेलच असे नाही, पिशवीच्या आतच साठते. पोट लाकडासारखे कडक होते, सतत दुखते, बाळाची हालचाल मंदावते. असे काही झाले तर मिनिट न दवडता हॉस्पिटल. पायांना, पाठीला हलके तेल लावून घ्यायला हरकत नाही. पोटावर फक्त वरवर हात फिरवावा, दाब शून्य.

एरंडेल पाजू नका. त्याने जुलाब लागतात, अंगातले पाणी जाते, आणि आतड्यांबरोबर पिशवीही आवळू शकते. बाळ पायाळू असताना वेळेआधी कळा सुरू व्हाव्यात असे कोणालाच वाटणार नाही.

आसने करा वा न करा, हालचालींकडे रोज लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून दोन तास मोजा. त्यात १० हालचाली झाल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता जाऊन ठोके तपासून घ्या.

त्र्यंबकवाट
पायाच्या करंगळीला शेक देण्याच्या चिनी पद्धतीबद्दल कोणी सांगेल का? होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दलही ऐकले आहे.

सोमेश्वर
त्या शेकाला मोक्सा म्हणतात. आपल्या दवण्याच्याच गटातल्या एका वनस्पतीची वाळलेली पाने कांडीसारखी वळून पेटवतात आणि करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात. दोन्ही पायांना मिळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून एक-दोनदा, एक-दोन आठवडे, ३३ ते ३६ व्या आठवड्यांच्या दरम्यान. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) नेहमीच्या देखरेखीला ही जोड दिल्यास जन्माच्या वेळी बाळ पायाळू राहण्याचे प्रमाण बहुधा घटते असा निष्कर्ष आहे. म्हणजे अगदीच पोकळ दावा नाही, पण खात्रीही नाही. शिकलेल्या माणसाकडूनच करावे. धूर भरपूर होतो, खिडकी उघडी हवी, दमा असेल तर टाळावे. त्वचा कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. उदबत्तीने घरी प्रयोग करू नये.

होमिओपॅथीच्या गोळ्यांनी बाळ फिरते असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. पोटाच्या खालच्या बाजूला गाणी लावणे आणि वर थंड पिशवी ठेवणे यांचेही तेच, त्रास मात्र नाही. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका एवढेच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. बाहेरून हाताने बाळ फिरवणे, ज्याला आम्ही ईसीव्ही म्हणतो, हा या सगळ्यात सर्वाधिक पुरावा असलेला उपाय आहे. पहिलटकरणीला ३६ आठवडे झाल्यावर, आधी बाळंतपण झालेलीला ३७ नंतर. त्याआधी फिरवले तर बाळ पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त, आणि काही बिघडले तर अपुऱ्या दिवसांचे बाळ बाहेर काढावे लागते. फार उशीर केला तर कुल्ला खाली रुततो, पाणी कमी होते. म्हणून ३६ ते ३७ हा काळ हातचा जाऊ देऊ नका.

प्रक्रिया अशी होते. त्या दिवशी उपाशीपोटी बोलावतात. पुन्हा सोनोग्राफी होते, कारण बाळ एव्हाना आपणहून फिरलेलेही असू शकते. २० ते ४० मिनिटे ठोक्यांचा आलेख (एनएसटी) काढतात. लघवी करून यायला सांगतात. पिशवी सैल पडावी म्हणून टर्ब्युटालिनचे ०.२५ मिग्रॅ इंजेक्शन त्वचेखाली देतात. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात, थोड्या वेळात थांबते. हृदयाचा आजार असेल किंवा थायरॉइड आटोक्यात नसेल तर ते आधीच सांगा. मग किंचित डाव्या अंगावर झोपवून, पोटाला जेल लावून, एक हात बाळाच्या कुल्ल्याखाली घालून तो हाडांतून वर उचलायचा आणि दुसऱ्या हाताने डोके पुढे वाकवत बाळाला कोलांटी द्यायची. पुढून जमले नाही तर उलट दिशेने एकदा पाहतात. खरा जोर पाच-दहा मिनिटांचा. मध्येमध्ये थांबून ठोके पाहतात. ठोके थोडे मंदावणे नेहमीचे आहे, हात काढल्यावर ते बहुतेक वेळा सावरतात. पोट दुखते, काहींना बरेच. 'थांबा' म्हटले की डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे, हे आधी बोलून घ्या. नंतर पुन्हा आलेख, आणि सगळे ठीक असेल तर त्याच दिवशी घरी.

यश सरासरी निम्म्यांत येते: पहिलटकरणीत शंभरात ४० च्या आसपास, आधी बाळंतपण झालेलीत ६०. वार मागच्या भिंतीला, पाणी पुरेसे, पोट सैल, कुल्ला न रुतलेला, हे सारे अनुकूल. एकदा फिरलेले बाळ पुन्हा उलटण्याचे प्रमाण शंभरात पाचांहून कमी. तातडीचे सिझर लागण्याची वेळ साधारण २०० त एकीवर येते. प्रमाण लहान आहे, पण याच कारणासाठी हे ओपीडीच्या टेबलावर करू नये. ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत, त्याच वेळी हवेत.

कोणाला करू नये: वार खाली, गेल्या सात दिवसांत रक्तस्राव, पाणी गेलेले, जुळे, ठोक्यांचा आलेख बिघडलेला, पिशवीच्या रचनेत मोठा दोष, किंवा दुसऱ्याच कारणाने सिझर ठरलेले. आधीचे सिझर असेल तर सरसकट नकार नाही, पण निर्णय अनुभवी डॉक्टरांचा.

आणि रक्तगट! नणंदेचा निगेटिव्ह आहे का? असेल तर प्रक्रियेनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते.

गोदाकाठ
रक्तगट बी पॉझिटिव्ह. नाशिकमध्ये हे करणारे डॉक्टर कसे शोधावेत? आमच्या डॉक्टर स्वतः करत नाहीत म्हणाल्या.

पांडवलेणी
नावे इथे कोणी देऊ नयेत असे मला वाटते, त्यापेक्षा प्रश्न देते. फोन करताना विचारा: तुमच्याकडे ईसीव्ही नियमित होते का? थिएटर आणि भूलतज्ज्ञ त्या वेळी हजर असतात का? आधी-नंतर एनएसटी काढता का? यांतल्या एकाचेही उत्तर 'नाही' किंवा 'बघू' आले तर तिथे करून घेऊ नका. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडची मोठी प्रसूतिगृहे, आडगावचे मेडिकल कॉलेज, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे चौकशी करा. न करणाऱ्या डॉक्टर वाईट नसतात. हा हाताचा सराव आहे, तो नसताना न करणेच बरे. त्यांच्याकडून चिठ्ठी मागून घ्या, आणि ती ३५ व्या आठवड्यातच, म्हणजे ३६ ला तारीख मिळेल.

जाताना सगळी फाइल सोबत न्या. माहेरी आलेल्यांच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफ्या सासरी राहून जातात, आणि नेमके आठवडे ठरतात ते त्याच रिपोर्टवरून.

रामशेज (सोनोलॉजिस्ट)
भर घालतो. ३६ च्या सोनोग्राफीत एवढ्या गोष्टी लिहून मागा: पाय कसे आहेत, वार नेमकी कुठल्या भिंतीला, पाण्याचे माप, अंदाजे वजन, नाळ कुल्ल्याखाली आली आहे का, आणि डोके पुढे वाकलेले आहे की मागे ताणलेले. शेवटचा मुद्दा रिपोर्टात बहुधा नसतो. पायाळू अवस्थेत नॉर्मल बाळंतपणाचा विचार असेल तर तो निर्णायक आहे, कारण मागे ताणलेले डोके अडकते आणि मानेला इजा होते.

वजनात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतेच. २०० ग्रॅमच्या फरकावरून घाबरू नका.

त्र्यंबकवाट
आणि नाहीच फिरले तर? पूर्वी सुईणी पायाळू बाळे घरीच काढायच्या ना?

सोमेश्वर
काढायच्या, आणि त्यांतली काही बाळे दगावायची. डोके हा बाळाचा सर्वात मोठा भाग. डोके आधी आले तर ते वाट करते आणि बाकी अंग सहज येते. पायाळूत अंग बाहेर येते आणि सर्वात मोठा भाग शेवटी राहतो. तो अडकला तर हातात फार थोडी मिनिटे असतात.

२००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टर्म ब्रीच ट्रायल ही दिवस भरलेल्या पायाळू बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळांना तात्काळ धोका कमी आढळला आणि जगभर पायाळूसाठी सिझरच रूढ झाले. पुढे त्या चाचणीवर टीका झाली. दोन वर्षांनी मुलांची पाहणी केली तेव्हा दोन गटांत मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे निवडक बायांत, सराव असलेल्या पथकाकडे, नॉर्मल बाळंतपण आजही होऊ शकते: कुल्ला खाली, डोके वाकलेले, बाळ फार मोठे नाही आणि फार बारीकही नाही, कळा आपणहून सुरू झालेल्या. पाय खाली लोंबत असतील तर नाही. आपल्याकडे असा सराव असलेले हात कमी होत चालले आहेत, म्हणून बहुतेक ठिकाणी ३९ व्या आठवड्यात ठरवून सिझर सुचवतात. तो सल्ला रास्त आहे. त्या दिवशी टेबलावर घेण्याआधी एकदा सोनोग्राफी करायला सांगा. उशिरा फिरणारी बाळे असतात.

सिझर झाले म्हणून नणंदेने काही कमी केले असे घरात कोणी म्हणू नये.

पांडवलेणी
तारीख ठरली तरी पाणी आधी जाऊ शकते, त्याची तयारी आजच करा. पायाळूत, विशेषतः पाय खाली असतील तर, पाण्याबरोबर नाळ बाहेर येण्याचा धोका असतो, कारण खालचे तोंड डोक्याने नीट बंद झालेले नसते. पाणी गेले की वेळ आणि रंग पाहा आणि कळा नसल्या तरी लगेच निघा. योनिमार्गात काही लोंबते आहे असे वाटले किंवा नाळ दिसली तर तिला गुडघा-छाती अवस्थेत घ्या, डोके खाली, कुल्ले वर. नाळ ओढू नका, आत ढकलू नका, १०८ ला फोन करून 'नाळ बाहेर आली आहे' हे शब्द स्पष्ट सांगा. गाडीत बसवू नका, कुल्ल्याखाली उशी देऊन कुशीवर न्या. हॉस्पिटललाही निघतानाच फोन करा, म्हणजे थिएटर तयार राहील.

सावळघाट
पेठ-सुरगाण्याकडच्या बायांसाठी काय सांगाल? आमच्याकडे रात्री गाडी मिळून घाट पार व्हायलाच बराच वेळ जातो.

पांडवलेणी
बाळ पायाळू आहे हे ३६ ला कळले की ३७ पासून नाशिकमध्ये किंवा सिझरची सोय असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाशेजारी नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे, तिथे बाळंतपणाआधी काही दिवस राहता येते. पण पायाळूसाठी तिथे थांबण्याआधी सिझर कुठे होणार ते आशाताईंकडून पक्के करून घ्या. सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. ३२ व्या आठवड्यानंतरची एकही ९ तारीख चुकवू नका, बाळ कसे आहे ते तिथे हाताने तपासून कळते.

कपालेश्वर (बालरोगतज्ज्ञ)
इतक्या चर्चेत एक गोष्ट राहिली. ३६ व्या आठवड्यात किंवा त्यानंतर पायाळू असलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा नीट बसला आहे ना हे तपासावे लागते. मग ते सिझरने झालेले असो, की फिरवल्यावर डोक्याने आलेले असो. जन्मल्यावर हाताने तपासणी, आणि साधारण सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी. मुलगी असेल तर जास्तच काळजी घ्या, मुलींत हा दोष अधिक आढळतो. लवकर सापडला तर पट्ट्यांनी (पाव्हलिक हार्नेस) काही आठवड्यांत सुधारतो. मूल चालायला लागल्यावर लंगडताना लक्षात आला तर शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

आणि दुपट्यात गुंडाळताना पाय ओढून सरळ करून आवळू नका. एक्स्टेंडेड लेग्जचे बाळ पहिले काही दिवस पाय वर चेहऱ्याकडेच घेऊन पडते. ते पाहून घरात घबराट होते आणि मालिशवाली ते दाबून सरळ करायला जाते. तिला थांबवा, पाय आपोआप खाली येतात. वरचे अंग हवे तर गुंडाळा, पण कमरेखाली दुपटे सैल असू द्या, बेडकासारखे फाकलेले पाय हलवता आले पाहिजेत.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. चोळणाऱ्या बाईला नको म्हणून सांगितले. ३५ व्या आठवड्यात चिठ्ठी घेतो आणि तीन प्रश्न विचारून ३६ ची तारीख ठरवतो. एक शंका: ईसीव्हीच्या दिवसापर्यंत गुडघा-छाती आसन चालू ठेवायचे का?

द्राक्षवेल
हो, आदल्या दिवसापर्यंत. डोके खाली आल्याचे सोनोग्राफीत दिसले की त्याच दिवशी बंद. नंतर चालणे, कुशीवर झोपणे, एवढेच.